तयारी करणारा पोट्टा सोलरवाला कसा झाला: एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पोराचं आहे, वय आता २५. त्याला विचारूनच लिहितोय पण नाव-गाव टाकत नाही, तालुकाही नको, कारण आमच्याकडे तालुका सांगितला की अर्ध्या लोकांना घर कळतं. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, अकरावी-बारावीला हा माझ्या वर्गात होता आणि नंतरही येत-जात राहिला, त्यामुळे मधली वर्षं मी बऱ्यापैकी जवळून पाहिली. थोडक्यात हकिकत अशी की पोरगा अभ्यासात बरा, दहावी २०१६, बारावी सायन्स २०१८, मग बीए, मग स्पर्धा परीक्षांची तयारी, आणि आज तो शेतातले सोलर पंप बसवतो आणि दुरुस्त करतो. कोणी विचारलं तर आता तेच सांगतो. पण हे "सांगणं" यायला काम सुरू झाल्यावरही वर्षाच्या वर लागलं, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस त्या वर्षात आहे.

कारण आपण करिअर निवडणं म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर असं असतं की पोरगा बसला, पर्याय पाहिले, आवड बघितली, ठरवलं. इथे तसं कुठेच झालेलं नाही. ठरवल्याचा दिवस मी त्याला विचारला तर तो हसतो, म्हणतो सर असा दिवसच नाही.

घर साधं. चार एकर वावर, विहीर आहे, कपाशी आणि तूर, थोडं सोयाबीन, पाणी असलं की रब्बीत चना. बाप सातवी, माय स्वतःचं निंदण आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात जाते. दोन वर्षांनी लहान बहीण. दहावीला ८४ टक्के पडले तेव्हा गावात पेढे वाटले आणि त्याच दिवशी "साहेब होते आता" हे ठरलं, म्हणजे त्याने नाही ठरवलं, ठरलं.

आता गावातलं पोर नोकऱ्या किती पाहतं? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, मास्तर, बँकेतला माणूस, पोलीस. लाईनमन पण पाहतं, पण लाईनमन खांबावर चढतो, घामाने भिजलेला असतो आणि फ्यूज गेला की लोक त्याला शिव्या देतात. तलाठी आला की खुर्ची काढतात, चहा ठेवतात. पोराला कोणी काही शिकवायची गरजच नसते, खुर्ची कोणासाठी निघते एवढं पाहिलं की झालं. लिंडा गॉटफ्रेडसन नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९८१ ला हेच मांडलं होतं की मुलं करिअर निवडत जाण्यापेक्षा वगळत जातात, सहा ते आठ वर्षांच्या सुमारास बाईचं काम-पुरुषाचं काम अशी छाटणी होते, नऊ ते तेराच्या वयात मान असलेलं आणि नसलेलं अशी, आणि स्वतःला खरंच काय जमतं-आवडतं हा प्रश्न येतो तो चौदाच्या पुढे, म्हणजे यादी निम्मी खोडून झाल्यावर. या पोराने हाताला ग्रीस लागणारी सगळी कामं पाचवी-सहावीतच खोडली होती. आणि गंमत म्हणजे घरातली मोटर, स्टार्टर, बापाचा फवारणीचा पंप हे सगळं तोच उघडायचा. पण ते "काम" नव्हतं, ते घरचं होतं.

दहावीला कलचाचणी पण दिली होती त्याने. राज्यात ती २०१६ ला सुरू झाली, म्हणजे हा पहिल्याच बॅचचा. शेती, कला आणि मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य आणि जैविक विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं असायची. याचा कल निघाला गणवेशधारी सेवा. घरात आनंद. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं की पंधरा वर्षांचं पोर कागदावर तेच टिकमार्क करतं जे त्याने पाहिलंय, आणि मानाचं म्हणून त्याने पाहिलेलं होतं ते खाकी. चाचणी खोटी नव्हती, पण ती पोराचा कल मोजायची की गावाचा, हा माझा जुना वाद आहे.

बारावी सायन्सला मार्क उतरले (नीटची भाषा आमच्या कॉलेजात होते, तयारी होत नाही, हे आमचंच उणं), मग बीए, कारण बीए करत करत तयारी करता येते. कोणत्याही तालुक्याच्या कॉलेजात जाऊन बघा, बीएला बसलेली निम्मी पोरं बीए करत नसतात, तयारी करत असतात.

आता या तयारीबद्दल थोडं सविस्तर, कारण बाहेरचा माणूस याला बेरोजगारी समजतो आणि तिथेच चुकतो. तयारी म्हणजे नुसती नोकरीची वाट पाहणं नाही, तो स्वतःच एक व्यवसाय झालाय, फक्त पगार उलट्या दिशेने जातो. पहाटे पाचला ग्राउंड, १६०० मीटर, १०० मीटर, गोळा, कारण पोलीस भरतीत मैदानी ५० मार्कांची आणि लेखी १०० मार्कांची. मग रूमवर येऊन पोहे, मग अभ्यासिका, तिथे ठरलेली खुर्ची, खुर्चीवर नाव लिहिलेला कागद, दुपारी खानावळ, संध्याकाळी पानठेल्यावर चालू घडामोडी, रात्री टेस्ट सिरीज. भाषा वेगळी: कटऑफ, मेरिट, वेटिंग, रिस्पॉन्स शीट, नॉर्मलायझेशन. व्हॉट्सअपच्या डीपीला वर्दीतला कुणीतरी. वाढदिवसाला चौकात बॅनर, त्यावर "भावी पीएसआय". हसू नका, माझ्याच वर्गातल्या पोरांचे तीन-चार बॅनर मी दरवर्षी पाहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लग्नात, बसस्टँडवर, कोणाच्या तेरवीला कोणी विचारलं "काय करून रायला सध्या?" की उत्तर तयार: तयारी करून रायलो. पुढे कोणी काही बोलत नाही. मान हलवतात. वावरात बापाच्या हाताखाली राबणाऱ्या पोराला हा मान नाही, आणि कंपनीत बारा हजारावर गेलेल्या पोराला तर त्याहून नाही.

हिशोब पाहिला तर भीती वाटते. २०२३ च्या तलाठी भरतीची जाहिरात ४,६४४ जागांची होती आणि अर्ज १० लाखांच्या वर, फी खुल्या वर्गाला १००० आणि मागासवर्गाला ९०० रुपये. २०२४ ची पोलीस भरती साधारण साडेसतरा हजार जागांची, अर्ज १७ लाखांच्या वर. हे आकडे पोरांना माहीत नसतात असं नाही हो, मला हे आकडे त्यांनीच सांगितले. पण तुम्ही ज्याला "चान्स किती" असा प्रश्न समजता, तो त्यांच्यासाठी "मी कोण" असा प्रश्न आहे. तयारी सोडली तर उद्या बसस्टँडवर काय सांगायचं? माणूस नोकरीशिवाय राहू शकतो पाच वर्षं, उत्तराशिवाय आठ दिवस नाही राहू शकत.

१९६६ ला जेम्स मार्शिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, एरिक्सनच्या "ओळख" (म्हणजे मी कोण) या मांडणीवरून पुढे जात, तरुणांना दोन प्रश्न लावले. शोधाशोध केली का, आणि कशाला तरी स्वतःला बांधून घेतलं का. त्यातून चार अवस्था निघतात. शोधही नाही बांधिलकीही नाही असा भरकटलेला, शोध चालू पण ठरलं नाही असा, शोधून मग ठरवलेला, आणि चौथा म्हणजे न शोधताच पक्का बांधलेला, ज्याने घरच्यांनी किंवा गावाने दिलेलं उत्तर तसंच उचललं. आमचा पोरगा हा चौथा. बाहेरून पाहिलं तर वर्गातला सगळ्यात फोकस्ड पोरगा. मला स्वतःला तो सगळ्यांत कमी काळजीचा वाटायचा, आणि मार्शियाच्या हिशोबाने सगळ्यात अडकलेला तोच होता, कारण भरकटलेला पोरगा निदान इकडेतिकडे बघतो तरी.

बहिणीचं प्रकरण दोन ओळींत सांगतो कारण ते दोन ओळींतच झालं. २०२० ला बारावी, घरात एकच प्रश्न की हिला किती वर्षं देता येतील. तयारीला मुदत नसते, पोरीला असते, त्यामुळे तयारीचा विषयच निघाला नाही. गावातल्या आशाताईने जीएनएमचं सांगितलं, नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, होस्टेल, अर्ज भरला, २०२३ ला पास, नागपूरला खाजगी हॉस्पिटलात लागली. भाऊ "भावी" होता तेव्हा बहीण घरी पैसे पाठवत होती. तिला कोणी कल विचारला नव्हता. पण मी मागच्या दिवाळीत तिला भेटलो तेव्हा ती आयसीयूच्या ड्युटीबद्दल ज्या तऱ्हेने बोलत होती, "आमच्या युनिटमध्ये असं नाही चालत सर", तेव्हा कळलं की ओळख तिचीही नंतरच तयार झाली, कामाच्या आतून. घाई करून टाकलेल्या पोरीला ती मिळाली आणि वेळ दिलेल्या पोराला नाही, हे अन्यायाचं उदाहरण आहे की नशिबाचं ते तुम्ही ठरवा.

आता वळण. २०२३ च्या मे मध्ये कुसुम योजनेतून बापाच्या विहिरीवर सोलर पंप बसला. चार एकरवाल्याला पाच एचपीचा मिळतो, शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. ज्यांनी विदर्भात रात्रीच्या लाईनवर चन्याला पाणी दिलंय त्यांना हे काय सुख आहे ते सांगायला नको, थंडीत दोन वाजता उठून बॅटरी घेऊन वावरात जायचं, साप, रानडुकरं, आणि तिथे पोचल्यावर फेज गेलेला. बसवणारी टीम बाहेर जिल्ह्यातली होती. पोरगा तेव्हा तलाठीच्या फॉर्मसाठी कागदपत्रं काढायला गावी आलेला, दोन दिवस टीमसोबत उभा राहिला, काही धरायला दिलं तर धरलं, फिटरचा नंबर घेतला. बस एवढंच. परत अभ्यासिकेत.

डिसेंबरमध्ये बापाचा फोन, पंप नीट चालत नाही. सकाळी करंगळीएवढी धार, अकरा-साडेअकरानंतर जोर धरतो आणि अडीच-तीनला पुन्हा मेला. तक्रार नोंदवली, माणूस येईना, चना फुलावर. तलाठीची परीक्षा होऊन गेलेली, निकाल लागायचा होता, त्यामुळे पोरगा गावी आला. त्याने काय केलं तर अभ्यासाची सवय म्हणून वही घेऊन विहिरीवर बसला आणि धार कधी वाढते कधी पडते त्याच्या वेळा लिहिल्या. ती वही मी पाहिलीय, पुढून राज्यघटनेच्या नोट्स आणि मागून "९.४० बारीक, ११.३५ फुल, २.३० कमी". फिटरला व्हिडिओ कॉल लावला. फिटर म्हणाला पहिले आयसोलेटर (प्लेटांकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद कर आणि वायरला हात लावू नको, कारण सोलरच्या प्लेटा सिरीजमध्ये जोडल्या की डीसी काही शे व्होल्टच्या घरात जातं आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहज तुटत नाही. कंट्रोलर ठीक, कनेक्शन ठीक, धूळ पुसली, तरी तेच.

मग त्याच्या लक्षात आलं. दक्षिणेच्या धुऱ्यावर (बांधावर) शेजाऱ्याची एक मोठी बाभूळ. मे मध्ये टीम आली तेव्हा सावली कुठेच नव्हती, कारण आमच्या यवतमाळच्या अक्षांशावर, साधारण साडेवीस अंश, मे च्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, झाडाची सावली झाडाच्या बुडाशीच. डिसेंबरात सूर्य मकरवृत्ताकडे सरकलेला, भर दुपारीही तो ४६-४७ अंशांवरच, म्हणजे झाडाएवढी लांब सावली उत्तरेकडे, आणि सकाळ-संध्याकाळी त्याच्या किती तरी पट. सकाळी आणि अडीचनंतर खालच्या ओळीतल्या तीन प्लेटांवर फांद्यांची सावली यायची, आणि सिरीजमध्ये थोड्या प्लेटा झाकल्या तरी अख्ख्या लाईनीचा जोर कमी होतो. मला त्याने हे सांगितलं तेव्हाचं त्याचं वाक्य, "सर, दक्षिणायन मी कमीत कमी पन्नास वेळा वाचलं असन, चार पर्यायातून ओळखायले. तं ते आमच्याच वावरात पडून होतं."

हे मला फार मोठं वाटतं. तयारीची वर्षं वाया गेली असं म्हणणारे लोक भेटतात, तो स्वतःही चिडला की म्हणतो. पण बाहेरून आलेल्या फिटरला, ज्याने शेकडो पंप बसवले, बाभूळ दिसली नव्हती आणि भूगोल घोकलेल्या बीएवाल्याला दिसली.

फांद्या छाटायच्या तर बाभूळ शेजाऱ्याची. शेजारी काकाजी म्हणाले, छाट बाप्पा, पण माह्या पंपाचंही पाहून दे, महिनाभर झाला बंद हाये. हा पहिला. त्यांचं वायरचं टोक उंदराने कुरतडलेलं. त्यांच्या व्याह्याचं दुसरं. असं करत करत जानेवारीत तलाठीचा निकाल आला, नाव नाही, आणि तो निकाल बघितला तेव्हा हा कोणाच्या तरी वावरात प्लेटा धूत होता. त्या फिटरने त्याला टीममध्ये घेतलं, एका पंपामागे ठरलेले पैसे. सुरुवातीला काम काय तर खड्डे खणणं, सिमेंट कालवणं, खांब धरणं, प्लेटा पुसणं. मग स्ट्रक्चर कसणं. मग अर्थिंग आणि केबल. कंट्रोलरला हात लावायला पाच-सहा महिने लागले, आणि पंप कुठे बसवायचा, सावली-पाणी बघून जागा ठरवायची, हे आता आता त्याच्यावर सोडतात. जीन लेव्ह या संशोधिकेने पश्चिम आफ्रिकेत लायबेरियातल्या शिंप्यांचे शागीर्द अभ्यासले होते, तिथे पोरगा आधी बटनं-काजं, दुमड, इस्त्री शिकतो, मग शिवणं आणि सगळ्यात शेवटी कापड कापणं. म्हणजे कपडा ज्या क्रमाने बनतो त्याच्या उलट, कारण बटन चुकलं तर उसवता येतं, कापड चुकलं तर गेलं. लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ मध्ये यावरून मांडलं की शिकणं म्हणजे कामाच्या काठावरून हळूहळू आत सरकणं, आणि सरकता सरकता माणूस फक्त काम शिकत नाही, त्या कामाचा माणूस होतो. आमच्या शाळांमध्ये आधी सगळं शिका मग काम करा असं असतं, त्यामुळे काठावर उभं राहायची जागाच पोराला मिळत नाही.

पण मघाशी म्हटलं ते वर्ष. २०२४ चं जवळजवळ अख्खं वर्ष हा पोरगा काम करत होता, पैसे मिळवत होता, आणि विचारलं की सांगायचा "तयारीच चालू हाये, हे आपलं मधातलं". माय शेजारणींना सांगायची तो परीक्षा देऊन रायला. बाप तर दुखावलेलाच, एकदा माझ्यासमोर म्हणाला, "बीए करून खड्डेच खंदायचे होते तं दहावीतच सांगतलं असतं, माहे पैसे तं वाचले असते." पोरगा खाली मान घालून बसला. मी काय बोलणार. बापाचं चुकलं असं मला नाही वाटत, त्याने कपाशीच्या पैशातून तीन वर्षं रूमचं भाडं भरलं ते खुर्चीसाठी, फावड्यासाठी नाही.

त्या वर्षी पोलीस भरतीचं ग्राउंड पण दिलं त्याने, बरं गेलं, लेखीपर्यंत पोचला आणि राहिला. एका ठेकेदाराने दोन महिन्यांचे पैसे लटकवले तेव्हा पुन्हा अभ्यासिकेत खुर्ची घेतली, महिनाभर बसला पण. म्हणजे सरळ रेष नाहीये ही. सप्टेंबर २०२४ ला मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली आणि पाऊस सरल्यावर काम एवढं वाढलं की टीमला माणसं पुरेनात.

मग बदललं काय? मी त्याला खोदून खोदून विचारलं. त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही लहान आहेत. एक, कोण्या गावात एका शेतकऱ्याने त्याच्यासमोर त्याला फोन लावला, नंबर बरोबर आहे का पाहायला, आणि स्क्रीनवर नाव आलं "सोलर इंजिनिअर". हा म्हणाला काकाजी मी इंजिनिअर नाही हो. तर ते म्हणाले आमच्यासाठी तूच. त्याला लाज वाटली, आणि त्या रात्री त्याने बसून इन्व्हर्टर आणि एमपीपीटी (प्लेटांतून जास्तीत जास्त वीज काढायचं तंत्र) यावरचे व्हिडिओ पाहिले, परीक्षेला पाहायचा तसे, नोट्स काढून. दोन, एका संयुक्त परीक्षेचा फॉर्म भरलेला होता आणि हॉल तिकीट काढायचं राहून गेलं. विसरला. परीक्षा होऊन गेल्यावर रूममेटचा फोन आला तेव्हा आठवलं. तो म्हणतो, सर मले वाईट वाटलं नाही, वाईट नाही वाटलं याचंच जरा वाईट वाटलं.

मी जे या प्रकरणातून घेतलं ते असं. पोरगा जुनं उत्तर स्वतः सोडत नाही, कितीही समजावा. नवं उत्तर जेव्हा दुसऱ्यांच्या तोंडून यायला लागतं, शेतकरी, फिटर, दुकानदार, तेव्हा जुनं आपोआप गळतं. म्हणून "तयारी सोड आणि काहीतरी कर" हा सल्ला कुचकामी आहे, मी तो अनेकांना दिला आणि एकानेही ऐकला नाही. सोडायला सांगण्यापेक्षा तयारी चालू ठेवूनच आठवड्याचा एखादा दिवस कुठल्या तरी खऱ्या कामाच्या काठावर उभं राहायला लावणं जास्त जमतं, जिथे चार अनोळखी माणसं त्याला कामाने ओळखतील. आणि हे तेवीस-चोविसाव्या वर्षी करण्यापेक्षा नववीत केलेलं बरं. आमच्याकडे दोन वर्षांपासून नववीच्या पोरांना मी दिवाळीच्या सुट्टीत एका कामाच्या माणसासोबत अर्धा दिवस काढून चार प्रश्न विचारून यायला सांगतो: हे काम कोणी शिकवलं, पहिल्या वर्षी काय करत होता, पैसे कधी अडकतात, आणि मुलाला हे काम करू द्याल का. चौथ्या प्रश्नाला जवळजवळ सगळे नाही म्हणतात, आणि मग वर्गात जी चर्चा होते ती कोणत्याही करिअर मेळाव्यातल्या रंगीत तक्त्यापेक्षा कामाची असते. (मेळाव्यांबद्दल बोलायला लागलो तर लांबेल. तीन तास भाषणं, एक समोसा, आणि जिल्ह्यात एकही नसलेल्या दहा कंपन्यांची नावं.)

यशोगाथा म्हणून हे कोणी फॉरवर्ड करू नका मात्र. काम हंगामी आहे, पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी जात नाही, तीन महिने हात रिकामे. योजना आहे तोवर बसवण्याचं काम आहे, नंतर दुरुस्तीवरच राहावं लागेल, आणि वॉरंटीतली दुरुस्ती कंपनीची असते, शेतकरी त्याचे पैसे का देईल? शिवाय हाताशी कागद नाही. विजेच्या कामाला परवाना लागतो, आणि त्याचा सरळ रस्ता आयटीआयमधून जातो, इलेक्ट्रिशियन नाहीतर तारतंत्री (वायरमन), दोन्ही दोन वर्षांचे. मी त्याच्या मागे लागलोय की तारतंत्रीला प्रवेश घे. तो म्हणतो बीए झालेला माणूस सोळा वर्षांच्या पोट्ट्यांसोबत बेंचवर कसा बसू. बघा, खुर्चीचा प्रश्न अजून गेलेला नाही. मुलगी पाहायला गेले तिथेही मुलीच्या बापाने कमाई विचारली नाही, कागद विचारला. बाप आता बोलत नाही काही, पण गावात कोणाचा पंप बंद पडला की पोराचा नंबर तोच देतो.

सध्या त्याच्या हाताखाली अभ्यासिकेतलेच दोघं येतात, सुट्टीच्या दिवशी, खड्डे खणायला. दोघांच्याही घरून मला फोन आले, सर तुम्ही सांगा, पोट्ट्याले जाऊ द्याचं का. एक पोरगा मागच्या भरतीत अगदी थोडक्या मार्कांनी हुकलाय, ग्राउंड पक्कं आहे, वय हाताशी आहे, त्याच्या बापाला म्हटलं अजून एक भरती पूर्ण ताकदीने देऊ द्या, रविवारी कामावर जातो ते जाऊ द्या, बंद करू नका. दुसऱ्याने दोन वर्षांत एक टेस्ट सिरीज पूर्ण सोडवलेली नाही, पण तो एकदा गेला की संध्याकाळी साहित्य मोजून गाडीत भरेपर्यंत निघत नाही असं आमचा सोलरवाला सांगतो. त्याच्या मायला म्हटलं, वहिनी, याला आयटीआयचा फॉर्म भरायला लावा या जूनमध्ये, वयाची मर्यादा आड येत नाही. त्या म्हणाल्या, "मंग मी लोकायले काय सांगू?" मी म्हटलं सांगा की आयटीआय करून रायला. पटलं नाही त्यांना, पण फॉर्मची तारीख विचारून घेतली.